मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्कची कामगिरी सुधारताना: आधी एअरटाइम, मग प्रोटोकॉल

ज्या वायरलेस नेटवर्कमध्ये टॉवर नसतो, अ‍ॅक्सेस पॉइंट नसतो आणि प्रत्येक उपकरण स्वतःचा डेटा पाठवतानाच इतरांचाही डेटा पुढे पोचवत असते, त्याला मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्क म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा या संस्थेने १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओचे प्रयोग केले, १९९७ साली इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये या विषयासाठी मॅनेट नावाचा कार्यगट स्थापन झाला आणि २००३ साली त्या गटातून एओडीव्ही व ओएलएसआर या दोन राउटिंग प्रोटोकॉलचे, म्हणजे डेटाने कोणत्या मार्गाने जायचे हे ठरवणाऱ्या नियमांचे, दस्तऐवज प्रसिद्ध झाले. आज लिनक्सवर बॅटमॅन-अ‍ॅडव्ह, ओएलएसआर किंवा बाबेल यांसारखे राउटिंगचे सॉफ्टवेअर बसवून असे नेटवर्क एका दुपारी उभे करता येते. टेबलावर मांडलेल्या चार-पाच नोडवर, म्हणजे नेटवर्कमधील उपकरणांवर, ते उत्तम चालते. तेच नोड माणसांच्या पाठीवर बसून डोंगरात विखुरले आणि त्यांची संख्या वीस-पंचवीसवर गेली की आवाज तुटू लागतो, फोटो अर्ध्यात अडकतात आणि साधे संदेशही मिनिटभर उशिरा पोचतात.

हे मार्गदर्शन दहा ते चाळीस नोडच्या नेटवर्कसाठी आहे. त्यात लिनक्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर चालणारी, वाय-फाय रेडिओ असलेली छोटी उपकरणे गृहीत धरली आहेत. काही माणसांजवळ, काही गाडीत, एखाद-दुसरे उंचावर खांबाला बांधलेले. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता आणि बचाव पथकांना भर पावसात पायी चढून जावे लागले. अशा भूभागात पायथ्याचे केंद्र आणि वर विखुरलेली पथके यांना जोडायचे असेल तर काय करावे लागेल, हा प्रश्न समोर ठेवून पुढील मजकूर वाचावा.

नेटवर्क मंदावले की बहुतेकांचा पहिला हात राउटिंग प्रोटोकॉलकडे जातो. एओडीव्ही काढून ओएलएसआर, ओएलएसआर काढून बॅटमॅन, असे फेरफार सुरू होतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणाऱ्या नोडपैकी एका वेळी एकानेच बोलायचे असते. घाटातल्या एकेरी रस्त्यावर आलटून-पालटून एकाच बाजूची वाहने सोडतात, तसा हा व्यवहार आहे. त्यामुळे खरी मर्यादित वस्तू बँडविड्थ नसून हवेतला वेळ, म्हणजे एअरटाइम, ही आहे. प्रत्येक हॉप (एका नोडवरून पुढच्या नोडवर उडी), प्रत्येक पुनर्प्रेषण, प्रत्येक हॅलो पॅकेट (आपण इथे आहोत हे शेजाऱ्यांना कळवणारे) आणि मंद गतीने बोलणारा प्रत्येक नोड हा वेळ खर्च करतो. तो कुठे जातो हे कळल्याशिवाय प्रोटोकॉल बदलण्यात अर्थ नाही.

रिकामे नेटवर्क किती खाते, हे आधी पाहा

पहिले मोजमाप कोणताही उपयोगी डेटा न पाठवता, फक्त राउटिंग चालू ठेवून घ्यावे. लिनक्सवरील आयडब्ल्यू या साधनाने चॅनेलचा सर्व्हे पाहिला की रेडिओ त्या चॅनेलवर किती मिलिसेकंद होता आणि त्यांपैकी किती मिलिसेकंद चॅनेल व्यस्त आढळले, असे दोन आकडे मिळतात. दहा सेकंदांच्या अंतराने ते दोनदा टिपावेत आणि व्यस्त वेळेतील वाढीला एकूण वेळेतील वाढीने भागावे. मग स्वतःचे इतर सगळे नोड बंद करून हेच पुन्हा करावे. दुसरा आकडा परक्यांच्या वापराचा आहे, त्यावर उपाय चॅनेल बदलण्याचा. दोहोंतील फरक आपल्या नियंत्रण-पॅकेटांचा आहे. हा फरक एक-दशांशाच्या पुढे असेल तर मी दुसरे काहीही करण्याआधी तो खाली आणतो, कारण अजून कुणी एक शब्दही पाठवलेला नसतो.

दुसरे मोजमाप साखळीचे. नोड एका रांगेत असे ठेवावेत की प्रत्येकाला फक्त शेजारचाच ऐकू यावा, आणि आयपर्फ३ या गती मोजणाऱ्या साधनाने एक हॉप, दोन हॉप, तीन हॉप अशी गती मोजावी. एकाच रेडिओवर प्रत्येक पॅकेट पुन्हा त्याच चॅनेलवर पाठवावे लागत असल्याने दोन हॉपवर निम्मी आणि तीन हॉपवर एक-तृतीयांश गती मिळणे हे निरोगी नेटवर्कचे लक्षण आहे. लांब साखळीत दूरचे दोन नोड एकाच वेळी बोलू शकतात, म्हणून घसरण कुठेतरी थांबायला हवी. एमआयटीतील संशोधकांनी २००१ साली दाखवले की आदर्श वेळापत्रकात ती चौथ्या हिश्श्यावर थांबेल, पण ८०२.११ च्या, म्हणजे वाय-फायच्या मानकाच्या, प्रत्यक्ष रीतीत सातव्या हिश्श्यापर्यंत जाते. म्हणजे एका हॉपवर २१ मेगाबिट मिळत असतील तर तीन हॉपवर ७ ही तक्रार नव्हे. तीन हॉपवर १ मिळाला तर मात्र कुठेतरी टक्कर किंवा दुबळी लिंक आहे.

मोजताना सरासरीवर विसंबू नये. दर सेकंदाचा आकडा नोंदवून मध्यक आणि सर्वांत वाईट दहा टक्के सेकंद वेगळे पाहावेत, कारण फिरत्या नेटवर्कमध्ये त्रास देतात ते हेच सेकंद. सर्व नोडची घड्याळे क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने किंवा जीपीएसने जुळवून घ्यावीत, अन्यथा दोन नोडच्या नोंदी नंतर शेजारी ठेवून वाचता येत नाहीत. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि त्याच वाटेने, त्याच चालीने पुन्हा फिरावे.

पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली सिद्ध केले की यादृच्छिक विखुरलेल्या नेटवर्कमध्ये नोडची संख्या वाढेल तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा डेटा त्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, किंबहुना थोडा अधिकच, घटत जातो. नोड चौपट झाले की प्रत्येकाचा वाटा निम्म्याहून कमी होतो आणि कोणताही प्रोटोकॉल यातून सुटका करू शकत नाही. व्यवहारात यातून एक सोपी गोष्ट निघते: बहुतेक वाहतूक ज्या नोडकडे जाते, तो केंद्राचा नोड नेटवर्कच्या टोकाला न ठेवता मध्यावर आणावा. पायथ्याच्या तंबूत बसलेल्या केंद्रापर्यंत वरच्या पथकांना पाच हॉप लागत असतील, तर तंबूतून एक स्वतंत्र दिशादर्शी लिंक मधल्या टेपाडावर न्यावी आणि अ‍ॅड-हॉक नेटवर्क तिथून सुरू करावे. एवढ्याने जे साधते ते प्रोटोकॉलच्या डझनभर पर्यायांनी साधत नाही.

रेडिओ, अँटेना आणि उंची

शक्ती वाढवण्याआधी उंची वाढवावी. २.४ गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या सुमारे ५.६ मीटर असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे साधारण ३.४ मीटर, मोकळा असावा लागतो. समोरचा माणूस डोळ्यांना दिसतो म्हणून लिंक चांगली असेलच असे नाही. मधली कारवी किंवा बांध त्या झोनमध्ये घुसलेला असतो. सह्याद्रीच्या उतारावर डोंगराची एक सोंड मध्ये आली की लिंक जवळपास संपते, त्यामुळे एक-दोन स्थिर नोड खिंडीत किंवा सोंडेच्या धारेवर, जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे, ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. माणसाजवळच्या नोडचा अँटेना खांद्याच्या वर यायला हवा. मानवी शरीर या वारंवारितेला चांगलेच अडवते आणि कमरेला लावलेल्या नोडची लिंक माणूस वळला की तुटते, मग राउटिंग बिचारे नवा मार्ग शोधत राहते.

शक्ती चौपट, म्हणजे ६ डेसिबलने अधिक, केली तर मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट होतो, पण आपण ज्या क्षेत्रातील नोडना गप्प बसवतो ते क्षेत्रही चौपट होते. दाट नेटवर्कमध्ये म्हणून शक्ती कमी करणेच अनेकदा हिताचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व नोडची शक्ती सारखी ठेवावी. केंद्राचा नोड २७ डीबीएमवर (डीबीएम हे शक्तीचे एकक) आणि हातातला १५ डीबीएमवर बोलत असेल तर हातातल्याला केंद्र स्पष्ट ऐकू येते, मात्र त्याचे उत्तर केंद्रापर्यंत पोचत नाही. अशी एकतर्फी लिंक राउटिंगला सतत भुलवते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त असला तरी अँटेनाचा लाभ (गेन) धरून प्रक्षेपित शक्तीवर ४ वॅटची मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवावे.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवावी. ४० मेगाहर्ट्‌झने टेबलावर आकडा मोठा दिसतो, परंतु रुंदी दुप्पट झाली की गोंगाट ३ डेसिबलने वाढतो आणि कडेच्या लिंक नेमक्या त्यातच गळतात. काही रेडिओ १० किंवा ५ मेगाहर्ट्‌झवरही चालतात. विरळ, लांब पल्ल्याच्या नेटवर्कसाठी ती रुंदी अवश्य वापरून पाहावी. लांब लिंकसाठी आणखी एक सेटिंग हमखास विसरले जाते, ते अंतराचे. रेडिओलहरीला एक किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात. पाठवणारा नोड पोचपावतीसाठी तेवढे थांबला नाही तर पोचलेले पॅकेटही तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सर्वांत लांब लिंकपेक्षा थोडे अधिक अंतर सर्व नोडवर द्यावे, पण उगाच दहा किलोमीटर लिहू नये, कारण त्याने प्रत्येक प्रतीक्षा लांबते.

पावसाची भीती या वारंवारितेवर अनाठायी आहे. मुसळधार सरीतही २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पावसाच्या थेंबांमुळे नगण्यच क्षीण होतो. त्रास देतात ती ओली पाने आणि कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. बाहेरचा प्रत्येक सांधा स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून वर पीव्हीसी टेप मारावी आणि केबलला सांध्याच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी सांध्याकडे न जाता झोळातून ठिबकेल.

रेडिओ जुन्या अ‍ॅड-हॉक मोडमध्ये चालवत असाल तर सेलची ओळख, म्हणजे बीएसएसआयडी, सर्व नोडवर हाताने एकच लिहावी. ती आपोआप ठरू दिली तर दुरावलेले दोन गट वेगवेगळी ओळख धरून बसतात आणि पुन्हा जवळ आल्यावरही काही काळ एकमेकांशी बोलत नाहीत. अधिक चांगला मार्ग म्हणजे ८०२.११एस चा मेश मोड घेऊन त्यातील स्वतःचे फॉरवर्डिंग बंद करणे आणि राउटिंगचे काम वरच्या बॅटमॅनकडे किंवा बाबेलकडे सोपवणे. दोन थरांनी एकाच वेळी मार्ग ठरवू नयेत.

ब्रॉडकास्टची किंमत

या विभागावर मी मुद्दाम अधिक रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक एअरटाइम इथेच वाया जातो आणि तो वाचवायला एका ओळीचा बदल पुरतो. वाय-फायमध्ये ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीच्या) आणि मल्टिकास्ट (एका गटासाठीच्या) पॅकेटांना पोचपावती नसते, म्हणून ती सर्वांपर्यंत पोचावीत या हेतूने रेडिओ त्यांना सर्वांत मंद मूलभूत गतीने पाठवतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर ही गती १ मेगाबिट असते. राउटिंगची सारी हॅलो आणि ओळख-पॅकेटे (नोडचे अस्तित्व नेटवर्कभर कळवणारी) ब्रॉडकास्टच असतात.

आता हिशेब करू. १०० बाइटचे, म्हणजे ८०० बिटचे, पॅकेट १ मेगाबिटने पाठवायला ८०० मायक्रोसेकंद लागतात. त्याआधीच्या लांब प्रीअँबलचे, म्हणजे पॅकेटपुढे जाणाऱ्या तयारीच्या संकेताचे, १९२ मायक्रोसेकंद धरले की जवळपास १ मिलिसेकंद होतो. समजा ३० नोड एकमेकांच्या टप्प्यात आहेत, प्रत्येक नोड सेकंदाला एक ओळख-पॅकेट सोडतो आणि प्रत्येक नोड इतरांची पॅकेटे एकदा पुढे पाठवतो. सेकंदाला ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० प्रेषणे झाली आणि त्यांनी सेकंदातले ०.९ सेकंद खाल्ले. बॅटमॅन-अ‍ॅडव्ह अनेक ओळख-पॅकेटे एकत्र बांधते, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च इतका भीषण नसतो; तरी तो कोणत्या दिशेने वाढतो हे यावरून स्पष्ट व्हावे. हीच पॅकेटे १२ मेगाबिटने पाठवली तर प्रत्येकाला ६७ मायक्रोसेकंद आणि २० मायक्रोसेकंदांचे प्रीअँबल, म्हणजे ९० मायक्रोसेकंदांच्या आत काम होते. ९०० प्रेषणांचा खर्च ०.०८ सेकंदावर येतो.

म्हणून मल्टिकास्टची गती हाताने ठरवावी आणि ८०२.११बी च्या जुन्या मंद गती संपूर्ण बंद कराव्यात. याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. हॅलो १ मेगाबिटने खूप दूर पोचते, तेव्हा राउटिंगला वाटते की शेजारी आहे; डेटा मात्र अधिक गतीने जातो आणि त्या अंतरावर पोचतच नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली हॅलो पोचणाऱ्या पण डेटा न पोचणाऱ्या अशा करड्या पट्ट्यांचे वर्णन केले. हॅलोची गती डेटाच्या गतीच्या जवळ आणली की हे फसवे शेजारी आपोआप गळतात. दाट नेटवर्कमध्ये १२ किंवा १८ मेगाबिट योग्य ठरते. डोंगरात विरळ पसरलेल्या नेटवर्कमध्ये मात्र ६ च्या वर जाऊ नये, कारण तिथे प्रत्येक लांब लिंक मोलाची असते.

ब्रॉडकास्टची संख्या कमी करणे हा याचाच पुढचा टप्पा. प्रत्येकाने ऐकलेले प्रत्येक पॅकेट पुढे पाठवले तर काय गोंधळ उडतो, याची मांडणी १९९९ साली ब्रॉडकास्ट-वादळ या नावाने झाली. ओएलएसआरमध्ये प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांतून मोजके प्रतिनिधी निवडतो आणि फक्त तेच पुढे पाठवतात, त्यामुळे दाट नेटवर्कमध्ये तो सरस ठरतो. यासोबत फोन आणि लॅपटॉप आपणहून सोडत असलेली सेवा-शोधाची पॅकेटे नेटवर्कच्या कडेवरच फायरवॉलने अडवावीत. एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून उपकरण शोधण्याच्या) चौकशा बॅटमॅन-अ‍ॅडव्ह स्वतःच्या वितरित तक्त्यातून भागवते. ती सोय चालू आहे ना, एवढे तपासावे.

मार्गाचे माप आणि वेळमर्यादा

हॉप मोजून मार्ग निवडणारा प्रोटोकॉल कमीत कमी हॉप शोधताना लांबात लांब, म्हणजे दुबळ्यात दुबळ्या लिंक निवडतो. त्याऐवजी ईटीएक्स हे माप वापरावे. एमआयटीच्या संशोधकांनी ते २००३ साली मांडले. एक पॅकेट पोचवायला सरासरी किती प्रेषणे लागतील, हे त्यातून कळते: जाण्याच्या यशाचे प्रमाण आणि पोचपावती परत येण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून एकाला त्याने भागायचे. थेट लिंकवर जाण्याचे प्रमाण ०.६ आणि येण्याचे ०.५ असेल तर गुणाकार ०.३ आणि ईटीएक्स ३.३३. मध्ये एक नोड घेतला आणि दोन्ही लिंकवर दोन्ही दिशांना ०.९५ मिळाले तर प्रत्येक लिंकचा ईटीएक्स १.११ आणि एकूण २.२२. दोन हॉपचा मार्ग कमी एअरटाइम खातो. ईटीएक्सला लिंकची गती मात्र कळत नाही, म्हणून वेगवेगळ्या गतीच्या लिंक असतील तिथे बॅटमॅनच्या पाचव्या आवृत्तीसारखे गतीवर आधारलेले माप अधिक न्याय्य ठरते.

चालत्या नोडसाठी एक खबरदारी घ्यावी लागते. हे प्रमाण मागील काही चाचणी-पॅकेटांच्या खिडकीवरून काढतात. खिडकी दहा सेकंदांची असेल आणि नोड गाडीत असेल, तर राउटिंग जे पाहत असते ते शंभर मीटर मागचे चित्र असते. स्थिर नोडना लांब खिडकी द्यावी, फिरत्यांना आखूड.

वेळमर्यादांचे गणितही असेच वेगावरून मांडावे. ओएलएसआरचे मूळ दस्तऐवजातील मूल्य हॅलोसाठी २ सेकंद आणि शेजारी हरवला असे मानण्यासाठी ६ सेकंद आहे. सेकंदाला दीड मीटर चालणाऱ्या माणसाला १५० मीटरचा पल्ला ओलांडायला १०० सेकंद लागतात. त्याच्यासाठी ६ सेकंद ठीक आहेत. ताशी ३६ किलोमीटरने समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींच्या टप्प्यात जेमतेम १५ सेकंद राहतात आणि लिंक तुटल्यावर ६ सेकंद पॅकेटे पोकळीत जात असतील, तर तो काळ लिंकच्या आयुष्याच्या ४० टक्के होतो. अशा नेटवर्कमध्ये हॅलो अर्ध्या सेकंदावर आणि हरवल्याची मुदत दीड ते दोन सेकंदांवर आणावी. त्याचा भार चौपट होतो, म्हणूनच मल्टिकास्टची गती आधी वाढवायला सांगितले. भार आवरण्यासाठी जवळच्या नोडना वारंवार आणि दूरच्यांना क्वचित माहिती पाठवणारी फिश-आय पद्धत वापरावी. दूरच्या नोडकडे जाताना पहिला हॉप बरोबर असला की पुरते, पुढचा मार्ग पुढचे नोड जाणतात.

याच्या उलट रोग म्हणजे लिंक तुटली नसताना तुटली असे समजणे. एओडीव्ही रेडिओकडून मिळालेल्या अपयशाच्या सूचनेवर चालत असेल, तर गर्दीमुळे काही पॅकेटे पडली तरी तो लिंक मोडीत काढतो आणि नव्या मार्गाच्या शोधाचे ब्रॉडकास्ट सोडतो. त्याने गर्दी वाढते आणि आणखी लिंक मोडतात. नोड जागेवर असताना मार्ग सतत बदलताना दिसले तर संशय यावरच घ्यावा. लिंक स्वीकारण्याची आणि सोडण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवावी; ओएलएसआरच्या दस्तऐवजात ती ०.८ आणि ०.३ आहे.

लपलेल्या नोडची टक्कर ओळखायला तीन नोड पुरतात. अ आणि क यांना एकमेकांचे ऐकू येत नाही, दोघांनाही ब ऐकू येतो. अ कडून ब कडे आणि क कडून ब कडे आधी वेगवेगळी, मग एकाच वेळी गती मोजावी. एकत्रित गती कोणत्याही एकाच्या गतीहून बरीच खाली आली तर टक्कर होते आहे. आरटीएसची, म्हणजे मोठे पॅकेट पाठवण्याआधी परवानगी मागणाऱ्या सूचनेची, मर्यादा बहुधा २३४७ बाइट, म्हणजे प्रत्यक्षात बंद, असते. ती ५०० च्या आसपास आणून चाचणी पुन्हा घ्यावी. लिंक पल्ल्याच्या टोकाला असेल तर आरटीएसही फारसा उपयोगी पडत नाही, कारण व्यत्यय आणणारा नोड इतका दूर असतो की त्याला ती सूचना समजतच नाही.

सिम्युलेशनबद्दल थोडे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरवर प्रोटोकॉलची तुलना जरूर करावी. नोडना यादृच्छिक ठिकाणांकडे यादृच्छिक वेगाने फिरवणारे रँडम वेपॉइंट हे चलनप्रारूप वापरताना किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग काळानुसार घसरत जातो आणि उत्तरार्धातले आकडे जवळपास स्थिर नेटवर्कचे येतात. हा दोष २००३ साली दाखवला गेला आहे. किमान वेग शून्याहून अधिक ठेवावा, सुरुवातीचा काळ टाकून द्यावा, वेगवेगळ्या बीजांकांवर (यादृच्छिक संख्यांच्या आरंभ-अंकांवर) चाचण्या घेऊन विश्वासमर्यादेसह निकाल द्यावा. प्रोटोकॉलचा प्रत्यक्ष कोडच तपासायचा असेल तर लिनक्समधील आभासी वाय-फाय रेडिओ अधिक कामाचे.

नेटवर्कवर काय सोडायचे

टीसीपी ही डेटा खात्रीने पोचवणारी व्यवस्था हरवलेल्या प्रत्येक पॅकेटचा अर्थ गर्दी असा लावते आणि गती कमी करते. मार्ग बदलताना पडलेल्या पॅकेटांनाही तोच अर्थ लागतो. दुसरीकडे, साखळीत एका वेळी हॉपसंख्येच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच पॅकेटे उपयोगीपणे प्रवासात असू शकतात, त्याहून अधिक सोडली तर ती आपापसांतच भांडतात. चार हॉपवर याचा अर्थ एक पॅकेट. म्हणून लांब मार्गांवर टीसीपीच्या विंडोला, म्हणजे एका वेळी सोडायच्या डेटाला, कमाल मर्यादा घालावी. नोडमधील रांगा लांब असतील तर एका फोटोमागे सगळे संदेश सेकंद न् सेकंद तुंबतात. एफक्यू-कोडेल ही रांगव्यवस्था वाय-फायच्या थरातच अंतर्भूत असलेले एटीएच९के किंवा एमटी७६ सारखे ड्रायव्हर निवडावेत. त्यात एअरटाइमची न्याय्य वाटणीही मिळते आणि कडेला बसलेला एक मंद नोड बाकीच्यांना आपल्या गतीवर खाली ओढत नाही.

बॅटमॅन-अ‍ॅडव्ह प्रत्येक पॅकेटला स्वतःचे शीर्ष जोडते, म्हणून रेडिओ इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० वरून १५३२ करावा. तो तसाच राहिला तर प्रत्येक पूर्ण आकाराच्या पॅकेटचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक हॉपवर दुप्पट प्रेषणे घडतात.

आवाजाच्या बाबतीत बिटपेक्षा पॅकेटांची संख्या भारी पडते. आवाजाचा डेटा बनवणारे जी.७११ कोडेक २० मिलिसेकंदांचे पॅकेट करते, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटे. दोन्ही दिशांनी तीन हॉपवर एका संभाषणाची ३०० प्रेषणे होतात. पॅकेट ६० मिलिसेकंदांचे केले तर ती १०० वर येतात आणि ऐकणाऱ्याला ४० मिलिसेकंदांचा वाढीव उशीर जाणवतही नाही. बचावकार्यात पूर्ण संभाषणाऐवजी बटण दाबून बोलण्याची वॉकी-टॉकीसारखी पद्धत ठेवली तर हा भार आणखी निम्मा होतो.

शेवटी, संदेश आणि स्थाननोंदी यांना अखंड मार्ग असलाच पाहिजे, ही अट काढून टाकावी. दरीत उतरलेल्या पथकाशी अर्धा तास संपर्क नसणे हे डोंगरात सामान्य आहे. नोडने संदेश स्वतःजवळ साठवावा, चालताना सोबत न्यावा आणि दुसरा नोड भेटताच त्याच्या हवाली करावा. यासाठीचा बंडल प्रोटोकॉल प्रमाणित असून त्याची सातवी आवृत्ती २०२२ साली आली. प्रत्येक संदेशाला विशिष्ट क्रमांक आणि मुदत द्यावी. स्थाननोंदीची मुदत दहा मिनिटांची ठेवावी आणि त्याच पथकाची नवी नोंद आली की जुनी पुसावी. जखमीविषयीच्या संदेशाची मुदत पूर्ण दिवसाची ठेवावी, रांगेत त्याला सर्वांत पुढे घ्यावे आणि केंद्राकडून पोच परत येईपर्यंत कोणत्याही नोडने तो आपल्याकडून काढून टाकू नये.